शांत बसलेल्या पोरांचा संशय

आमच्या शाळेत एक सर होते, त्यांचा जगात कशावरच विश्वास नव्हता. जेवणाच्या डब्याला ते सुतळी बांधायचे आणि गाठ अशी मारायचे, की मध्ये कुणी डबा उघडला तर त्यांना कळावं. ती गाठ सोडवण्यात मधल्या सुट्टीतला निम्मा वेळ त्यांचाच जायचा. डब्यात काय, तर बाजरीची भाकरी आणि ठेचा. तो ठेचा एकदा चाखलेल्या माणसाने पुन्हा मागितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. पण सरांना तसं सांगून उपयोग नसायचा. "मॅडम, चोराला चव नसती," एवढंच म्हणायचे आणि गाठ सोडवत बसायचे.

खडूचा नवा खोका आला की सर तळातला खडू काढून आधी फळ्यावर ओढून बघणार. परिपत्रक आलं की ते शेवटून वाचायला घेणार, कारण खरं काय ते खाली बारीक अक्षरात असतं. शिक्षकदिनाला संस्थेने सगळ्यांना पेनं वाटली, तेव्हा सरांनी आपलं पेन पूर्ण खोलून, स्प्रिंग बाजूला काढून, आत कॅमेरा नाही ना याची खात्री करून घेतली. मग ते पेन त्यांना परत जोडता आलं नाही. हे सगळं बघून मला हसू यायचं, पण फार हसायची सोय नव्हती. मीही त्याच पंथातली. सासूबाई म्हणतात, हिला देवाने स्वतःच्या हाताने प्रसाद दिला तरी ही आधी त्याला मुंग्या लागल्यात का ते बघेल.

सर सायखेड्याहून मोटरसायकलवर यायचे. आमची शाळा हायवेवरच्या द्वारका चौकाजवळ, त्यामुळे दिवसभर ट्रकचे हॉर्न आणि धूर. गाडीला हेल्मेट अडकवून ठेवायचं धाडस सर कधी करत नसत, ते वर्गात टेबलाखाली असायचं. पन्नाशी ओलांडलेला, दारातून आत येताना मान वाकवावी लागेल असा उंच माणूस, आणि वर्ग कुठला, तर दुसरीचा. आमच्याकडे पहिली-दुसरी बायकाच घेतात. हा वर्ग सरांनी मागून घेतला होता. एवढा मोठा बाप्या दुसरीची पोरं मागून घेतो म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय, अशी कुजबुज शिक्षकांच्या खोलीत असायची, आणि ती करणाऱ्यांत मी पुढे होते. कारण माझी जुई त्याच वर्गात होती.

लॉकडाउननंतर शाळा नुकत्याच रुळावर आल्या होत्या. त्या वर्षी दुसरीत आलेल्या पोरांचा बालवर्ग घरात मोबाइलसमोर गेलेला. बाकावर बसायची सवय म्हणून नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना बसवायचा चंगच बांधला होता. हाताची घडी, तोंडावर बोट. व्हरांड्यातून गेलं की प्रत्येक वर्गातून हाच घोष ऐकू यायचा. फक्त दुसरी-अ मधून नाही.

सर वर्गात मागे उभे राहून शिकवायचे. पोरं फळ्याकडे तोंड करून, आणि आवाज पाठीमागून. मी एकदा विचारलं, "सर, पोरांची तोंडं दिसत नाहीत, मग लक्ष कुणाचं आहे ते कसं कळतं तुम्हाला?"

"तोंडावर इश्वास ठेवू नका मॅडम," सर म्हणाले. "तोंडाला आईबापांनी शिकवलेलं आसतं. पाय बघायचे. पायांना आजून कोणी शिकवलेलं नाय."

बाकाखाली पोरांचे पाय हलायला लागले, चपला निघाल्या, एकाच्या टाचा दुसऱ्याच्या पोटऱ्यांना लागायला लागल्या, की सर वाक्य अर्धं टाकून पुस्तक मिटायचे. "चला, जुंपा." सगळी दुसरी-अ व्हरांड्यात. तिथल्या खांबाभोवती एकमेकांचे हात धरून पोरं गोल फिरायची, पाय दाणदाण आपटत. खळ्यावर बैल फिरवून मळणी करतात, ती ही मळणी. पोरं बैल आणि खांब म्हणजे मधला तिवडा. सर बाजूला उभे राहून "हां, हां, दाणा निघू द्या" म्हणायचे. मग म्हणायचे, "वारं आलं." की सगळी पोरं फतकल मारून बसायची, ओंजळीत वर्तमानपत्राचे कपटे घ्यायची आणि उफणणी सुरू. फुंकायचं, फुंकत राहायचं, सर "वारं पडलं" म्हणेपर्यंत. भुसा उडाला की धान्य पोत्यात भरायचं, म्हणजे आपापल्या जागेवर जाऊन बसायचं आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुढे वाचायचं.

माझी चौथी शेजारच्याच खोलीत. मळणी सुरू झाली की माझ्या वर्गाच्या माना खिडकीकडे वळायच्या, आणि माझा धडा खड्ड्यात. मी मुख्याध्यापिकांकडे तक्रार केली. त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. मोठ्या बाई म्हणाल्या, "आवाज होतो हे खरं, पण नंतर त्या वर्गात जाऊन बघितलंय का तुम्ही?"

मी बघितलं होतं. तेच तर खुपत होतं. धान्य पोत्यात भरलं की दुसरी-अ मध्ये पान उलटल्याचा आवाज ऐकू यायचा. जी पोरं मघाशी बैल होती ती बोट ठेवून वाचत असायची, आणि पुढचा चांगला तासभर त्यांचे पाय गप्प असायचे. माझ्या चौथीत हाताची घडी घालून बसलेल्या पोरांना मी एकच परिच्छेद परत परत वाचून दाखवत असायची. आता हे सरळ मार्गाने होतं यावर माझा विश्वास बसेना. मी घरी जुईला खोदून खोदून विचारलं.

"सर चिमटे काढतात का गं?"

"नाही."

"चॉकलेट देतात?"

"नाही."

"मग सगळे एवढे शांत कसे बसता?"

"आम्ही दमतो ना," जुई म्हणाली. "बैल असतो आम्ही."

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी मळणीचा व्हिडिओ टाकला आणि एक वडील दुसऱ्याच दिवशी शाळेत आले. कंपनीत नोकरीला, नीटनेटके, आवाज न चढवता बोलणारे. म्हणाले, "सर, माझ्या वडिलांचा जन्म दुसऱ्याच्या खळ्यावर बैलांच्या मागे फिरण्यात गेला. त्यातून बाहेर पडून आम्ही शहरात आलो. आता माझी पोरगी शाळेत येऊन बैल होणार का?" मला वाटलं सर आता वाद घालणार. सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "साहेब, तुमचं खरं हाय. मला आमच्याच खळ्यावरचं आठवत व्हतं." दुसऱ्या दिवशी दुसरी-अ मध्ये बैल नव्हते. मळणीयंत्र आलं होतं. पोरं चाकं झाली, पट्टा झाली, कुणी इंजिनाचा आवाज झालं, आणि आवाज आधीच्या दुप्पट झाला. त्या गृहस्थांची मुलगी यंत्राची मालकीण, ती बटण दाबेपर्यंत काही सुरू होत नसे. सर मला म्हणाले, "कसं हाय मॅडम, माणसानं आपल्यावरबी संशय घ्यावा मधूनमधून." माझा मात्र त्यांच्यावरचा तसूभर कमी झाला नाही.

जुईबद्दल सांगायचं, तर ती आमच्या घरातली कौतुकाची पोर. कुठे हट्ट नाही, दंगा नाही. लग्नकार्यात बाकीची पोरं मांडवभर धिंगाणा घालत असली तरी ही खुर्चीवर बसलेली, नजर एका जागी लागलेली. नातेवाईक म्हणायचे, शिक्षिकेची मुलगी शोभते. पहिलीच्या बाईंनी तिला वर्गात उभं करून बाकीच्यांना सांगितलं होतं, बघा, लक्ष देणं याला म्हणतात. कविता म्हणता म्हणता मध्येच थांबायची, मग पुढे सुरू करायची. आम्ही म्हणायचो, लाजते. हे सगळं मला फार आवडायचं. नोकरी करणाऱ्या बाईला असं गुणी मूल मिळालं की जग तिला निदान एका बाबतीत तरी बोलत नाही.

आणि एक दिवस मधल्या सुट्टीत सर डब्याची गाठ सोडवता सोडवता म्हणाले, "मॅडम, तुमची पोरगी लय शांत हाय."

मी म्हटलं, "हो, पहिल्यापासूनच."

"मला नाय पटत ते," सर म्हणाले.

माझा घास तसाच राहिला. कुणाचं काय, तर कुणाचं काय. मूल दंगा करतं म्हणून तक्रार ऐकली होती. मूल शांत बसतं म्हणून नाक मुरडणारा हा पहिलाच माणूस. मी विचारलं, "म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?" तर म्हणाले, "काय नाय. दुसऱ्या पोरांचे पाय हालतात, हिचे मधीच थांबतात. हालता हालता थांबतात." आणि रोजच्यासारखी माझ्या डब्यातली चटणी घेऊन भाकरी खायला लागले.

त्यानंतर सरांनी जुईच्या मागे ससेमिराच लावला. जुई, खडू आण. जुई, खिडकी लाव. जुई, पाणी पिऊन ये. पोरगी घरी येऊन रडवेली व्हायची, "सर मलाच सारखं उठवतात." शिवाय सरांचे प्रश्न सुरू झाले. घरी कोण कोण असतं? रात्री झोप लागते का तिला? मोबाइल किती वेळ? तुम्ही घरी कितीला पोचता? जुईच्या बाबांचा स्वभाव कसा आहे? या शेवटच्या प्रश्नाला मी सरळ सांगितलं, की ते तुम्हाला विचारायचं कारण नाही. सर म्हणाले, "बरं." पण त्यांच्या चेहऱ्यावर, विचारलं ते बरंच झालं, असा भाव होता.

द्राक्षांच्या दिवसात एका रविवारी दाराची बेल वाजली. दारात सर, एका हातात हेल्मेट, दुसऱ्यात द्राक्षांची पेटी. न कळवता. आमच्याकडे तोवर ते कधी आले नव्हते. द्राक्षं देऊन माणूस बसतो, चहा घेतो, जातो. सरांची नजर घरभर फिरत होती. दारामागे बघितलं, खुंट्यांकडे बघितलं. पाणी मागितलं आणि मी आणेपर्यंत थांबायचं सोडून स्वयंपाकघरात माझ्या मागे आले. जुईच्या बाबांना विचारलं, "साहेब, राग येतो का तुम्हाला लवकर?" ते बँकेत कर्जखात्यात आहेत, त्यांना वाटलं नोकरीबद्दल विचारतायत. म्हणाले, "येऊन सांगतो कुणाला." मग सर जुईला घेऊन गॅलरीत गेले. तिच्याशी हळू आवाजात बोलत होते. तिच्या फ्रॉकची बाही वर करून दंडाकडे बघितलं.

मी तडक गॅलरीत गेले आणि जुईला आत घेतलं.

सर गेल्यावर मी दाराला आतून कडी घातली. मग जुईचे बाबा म्हणाले, "हा माणूस काय शोधत होता?" मला जे वाटत होतं ते तोंडातून काढायची हिंमत होत नव्हती. मुलीच्या आईला जे वाटायला नको ते सगळं वाटत होतं. पेपरात रोज काय काय येतं. मी जुईला जवळ घेऊन विचारलं, सर काय म्हणाले. ती म्हणाली, "सरांनी विचारलं, तुला घरी कशाची भीती वाटते का?" मी विचारलं, तू काय सांगितलंस. म्हणाली, "पालीची."

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, "वीस-पंचवीस वर्षं संस्थेत आहे हा माणूस, आजवर बोट दाखवायला जागा नाही. पण तुम्ही म्हणताय तर नजर ठेवा. काही दिसलं तर मी मागेपुढे बघणार नाही." म्हणजे सरांची नोकरी आता माझ्या डोळ्यांवर होती, आणि डोळे उघडे ठेवायचं मला कुणी शिकवायला नको होतं.

माझा मोकळा तास होता. मी दुसरी-अ च्या मागच्या खिडकीशी, दप्तरांच्या कपाटाआड उभी राहिले, जिथून व्हरांडा पूर्ण दिसतो. मळणीयंत्र सुरू झालं, थांबलं. सर म्हणाले, "वारं आलं." पोरं बसली आणि फुंकायला लागली. मी सरांकडे बघत होते, आणि सर दुसऱ्या कुणाकडेही न बघता फक्त जुईकडे बघत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, सापडला.

म्हणून मीही जुईकडे बघितलं. ती जोर लावून फुंकत होती, गाल फुगलेले, केस उडतायत. बाकीच्यांसारखीच. आणि मग ती थांबली. दमून थांबतात तशी नाही. गाल सैल पडले, डोळे उघडेच, जरा वर गेलेले, आणि पापण्या बारीक फडफडत होत्या. ओंजळ हळूहळू उघडली आणि सगळे कपटे मांडीवर पडले. आजूबाजूला पोरं ओरडत होती, एकाचा धक्काही लागला तिला. ती तिथे नव्हतीच. थोड्या वेळाने तिने मान हलवली, रिकाम्या ओंजळीकडे बघितलं आणि रिकाम्याच ओंजळीवर फुंकायला लागली.

सरांनी मान वर केली. मी तिथे आहे हे त्यांना आधीपासून माहीत असावं. म्हणाले, "बघितलं का मॅडम?"

मी धावत गेले. "जुई, काय झालं गं?" तर ती मला विचारते, "काय झालं?"

मग माझा तोल गेला. पोरांसमोरच मी सरांना बोलले, की तुम्ही लहान मुलांना छाती फुटेस्तोवर फुंकायला लावता, त्याने चक्कर आली तिला, हे तुमच्या मळणीचंच फळ आहे. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "आसंल मॅडम. माझ्या फुंकण्यानं आसंल. मला वाटायचं पोरगी जागरण करती, मग वाटलं मोबाइल, मग आजून काय काय वाटलं. काय हाय ते मला ठावं नाय. पर फुंकलं की हे हमखास व्हतं. आणि न फुंकताबी व्हतं, बाकावर बसल्या बसल्या, तव्हा तुम्ही म्हणता लक्ष देती. दवाखान्यात चला. माझी चूक निघाली तर माझी नोकरी घ्या, पर आजच चला."

मी जुईच्या बाबांना फोन केला आणि रिक्षा केली. मागे बघते तर मोटरसायकल. आम्ही खरंच दवाखान्यात जातो की रडून-ओरडून घरी वळतो, याची सरांना खात्री नव्हती. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकड्यावर ते मांडीवर हेल्मेट घेऊन बसले. त्याआधी भिंतीवरचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जवळ जाऊन, शिक्क्यापर्यंत वाचून आले.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं. मी फुंकण्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. टेबलावरच्या कागदाची एक पट्टी फाडली, जुईच्या तोंडासमोर धरली आणि म्हणाले, "बाळा, ही पट्टी उडत राहिली पाहिजे. मी थांब म्हणेपर्यंत फुंकायचं." व्हरांड्यात जे बघितलं होतं तेच मी तिथे खुर्चीत बसून पुन्हा बघितलं. पट्टी खाली आली, जुईचे डोळे वर गेले, आणि डॉक्टर तिला हाक मारत राहिले. जुईच्या बाबांनी माझा हात एवढा दाबला की बांगडी रुतली.

हा फिटचाच एक प्रकार, असं डॉक्टर म्हणाले. यात मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही, तोंडाला फेस येत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. काही क्षण मेंदू गैरहजर असतो. दिवसातून कितीही वेळा होऊ शकतं. बघणाऱ्याला वाटतं मूल एकटक बघतंय, शहाणं आहे. त्या वेळी समोरचं त्याला काही दिसत नसतं, ऐकू येत नसतं. मी विचारलं, फुंकण्यामुळे झालं का? ते म्हणाले, "फुंकण्यामुळे दिसलं. आधीपासून असणार. मेंदूचा आलेख काढू, औषध सुरू करू. या वयात पकडलं तर बहुतेक मुलं छान बरी होतात. तुमच्या लक्षात कसं आलं हे?"

मला रडू कोसळलं. माझ्या लेकीचं जे जे मी जगाला कौतुकाने दाखवलं होतं, त्यातलं किती तिचं आणि किती आजाराचं, ते त्या खोलीत मला कळेना. बाहेर आल्यावर मी सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "माझ्या फुंकण्यानं नाय ना?" मी नाही म्हटलं. त्यांनी हेल्मेट घातलं आणि गेले. काच खाली केल्यावर त्यांचा चेहरा मला दिसला नाही.

घरी सासूबाईंनी तिची दृष्ट काढली, आणि कुणाला सांगू नका, मुलीची जात आहे, असं बजावलं. आम्ही औषध सुरू केलं, सकाळ-संध्याकाळ. हळूहळू जुई बदलायला लागली. कविता सलग म्हणायला लागली. आणि मग तिने हट्ट करायला सुरुवात केली, उलट उत्तरं द्यायला लागली, जेवताना ताटावरून उठायला लागली. घरात जो काही आवाज वाढला, त्याने माझं डोकं उठायचं आणि जीव निवायचा. डॉक्टरांनी सध्या जोरात फुंकू नको म्हणून सांगितलं होतं. तेव्हा "वारं आलं" आणि "वारं पडलं" हे ओरडायचं काम सरांनी जुईला दिलं. ती वारं लवकर पडू देत नाही, अशी वर्गाची तक्रार होती.

मोठ्या बाईंना मी जाऊन सांगितलं, की सरांबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्या रविवारचं मात्र मनातून जाईना. आजार शोधणारा माणूस दारामागे कशाला बघेल? खुंट्या कशाला बघेल?

वर्ष संपताना सरांची बदली संस्थेच्या चांदवडच्या शाखेत झाली. कारण कुणी सांगितलं नाही. मळणीच्या आवाजाला कंटाळलेल्या कुणीतरी वर कळ लावली असावी अशी मला शंका आहे, आणि ते कोण याचाही मला अंदाज आहे. शेवटच्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सामोसे झाले, नारळ झाला, शाल झाली. शालीची दुसरी बाजू सरांनी उलटून बघितली. सगळे पांगले तेव्हा जुई माझ्यासोबत होती, खिडकीशी उड्या मारत. मी सरांना म्हटलं, "एक विचारायचं राहिलं. त्या रविवारी तुम्ही आमच्या घरात काय शोधत होता?"

सरांनी आधी जुईकडे बघितलं, ती लांब आहे याची खात्री केली.

"पट्टा," ते म्हणाले.

"कसला पट्टा?"

"कमरेचा. कुठं टांगलाय ते बघत व्हतो. नायतर छडी, लाटणं, काय आसंल ते. दंडावर वळ हायत का बघितलं." मग शालीची घडी घालता घालता म्हणाले, "आमच्या गावाकडं जी पोरं पुतळ्यावानी बसायची ना मॅडम, ती घरून मार खाऊन आलेली आसायची. मला ठावं हाय ते बसणं. मला वाटलं, तुम्ही दोघं मारता तिला."

आधी आला तो राग. मी? माझ्या जुईला? मी तोंड उघडलं होतं काहीतरी सणसणीत बोलायला. पण तोवर दुसरंच काहीतरी लक्षात आलं. सगळे नातेवाईक, सगळ्या बाई, सगळी बिल्डिंग मला शाबासकी देत होती, आणि त्यात एकटा हा माणूस माझ्या मुलीच्या बाजूने उभा राहून माझ्यावर संशय घेत होता. शेजारच्या वर्गातल्या बाईवर, जिच्या डब्यातली चटणी रोज खायचा तिच्यावर. आणि घेऊन गप्प बसला नव्हता, द्राक्षं घेऊन घरापर्यंत आला होता. मी माफी मागितली नाही आणि त्यांनीही नाही. दोघांनाही तसं काही कारण नव्हतं.

मी एवढंच विचारलं, "मग आता फिटला का संशय?"

सरांनी जुईला हाक मारली, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि हळूच विचारलं, "आई औषध देती का रोज? का इसरती?"

"देते," जुई म्हणाली. "कडू असतं."

सर तिच्या पायांकडे बघत होते. ते एका जागी ठरत नव्हते. मग उठले, मला म्हणाले, "चांदवडहून फोन करीन मॅडम मधून मधून. रागावू नका. इचारल्याशिवाय मला चैन पडायचं नाय."

मी माझा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये घालून दिला. जुईच्या बाबांचाही दिला. मग थोडा विचार करून सासूबाईंचा नंबरही घातला. म्हटलं, सर, माझं खरं वाटलं नाही तर यांना विचारा. माझी बाजू राखण्यासाठी त्या कधीही खोटं बोलणार नाहीत.